माकडताप, वटवाघळं आणि गल्लीतला कुत्रा : व्हायरस प्राण्यातून माणसात येतो कसा?

पीएमटीच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू येत नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना झालेलं "अं... म्हणजे..." काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.

निमित्त एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजचं. "ताई, आमचा ग्रुप महाबळेश्वरला चाललाय. तिथल्या वटवाघळांमध्ये निपाह आहे म्हणून फॉरवर्ड फिरतोय. जावं की नको?"

उत्तर आधीच देऊन टाकते : जा. पण का जा, हे सांगायचं तर महाबळेश्वर थोडा वेळ बाजूला ठेवावं लागेल. आधी पुण्यातल्या कॅम्पात, तिथून शिमोग्याच्या जंगलात आणि मग कोकणातल्या काजूच्या बागेत एक चक्कर मारून येऊ.

माकडं मरायला लागली तेव्हा

कॅम्पात डॉ. आंबेडकर रोडवरून जाताना राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची, म्हणजे एनआयव्हीची पाटी तुम्ही बघितली असेल. कोरोनाच्या काळात "नमुने पुण्याला पाठवले आहेत" असं वाक्य बातम्यांत रोज यायचं. ते पुणे म्हणजे ही संस्था. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये ती सुरू केली, तेव्हा तिचं नाव 'व्हायरस रिसर्च सेंटर' होतं. एनआयव्ही हे नाव १९७८ मध्ये आलं. सगळ्यात धोकादायक विषाणू जिथे हाताळतात ती बीएसएल-४ प्रयोगशाळा मात्र कॅम्पात नाही, पाषाणला आहे.

संस्था पाच वर्षांची असताना, १९५७ मध्ये, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यातून बातमी आली. क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं मरून पडतायत. काळ्या तोंडाची वानरं आणि लाल तोंडाची माकडं, दोन्ही. आणि आसपासच्या गावांत माणसं जबरदस्त तापाने आजारी पडतायत, काही दगावतायत. गावकऱ्यांनी या दोन गोष्टींचा संबंध कधीच जोडला होता. कन्नडमध्ये आजही त्याला 'मंगन कायिले' म्हणतात, म्हणजे माकडांचा आजार.

पुण्याहून पथक निघालं, आणि त्यांच्या मनात एक मोठी भीती होती : पीतज्वर. यलो फीवर. दक्षिण अमेरिकेत जंगलातली माकडं पटापट मरायला लागली, की मागोमाग माणसांत पीतज्वर येतो, हे तेव्हा माहीत होतं. आशियात हा आजार कधीच आला नव्हता. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे. तो इथे आला असता तर काय झालं असतं, याचा विचारसुद्धा नको.

सुदैवाने पीतज्वर नव्हता. पुण्याच्या प्रयोगशाळेत माणसांच्या आणि माकडांच्या नमुन्यांतून जो विषाणू सापडला तो अगदीच वेगळा निघाला. त्याचे जवळचे नातेवाईक होते थेट रशियात, तिथल्या जंगलांत मेंदूज्वर घडवणारे. आणि तो डासातून पसरत नव्हता, गोचिडीतून पसरत होता. त्या जंगलाच्या नावावरून आजाराचं नाव पडलं क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी.

इथे एक उपकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. रशियातल्या विषाणूचा भाऊबंद कर्नाटकात कसा? एक शंका अशी होती की सैबेरियाकडून दर हिवाळ्यात येणारे पक्षी अंगावर गोचिड्या घेऊन येत असतील. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून पक्षी पकडून त्यांच्या पायात कड्या घालायला सुरुवात केली. पक्ष्यांनी हा विषाणू आणला असं काही सिद्ध झालं नाही. पण भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल आपल्याला जे कळलं, त्याचा बराचसा पाया त्या कामात आहे. एका तापामुळे देशाला पक्षी कळले. मला हे फार आवडतं.

वाट कशी तयार होते

आता मूळ मुद्दा. आपण सहज म्हणतो, "व्हायरसने प्राण्यातून माणसात उडी मारली." ऐकायला थरारक वाटतं, पण उडी म्हटलं की सगळं एका क्षणात आणि निव्वळ दुर्दैवाने घडल्यासारखं वाटतं. केएफडीकडे बघा, म्हणजे कळेल की आधी वाट तयार व्हावी लागते.

केएफडीची गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पिते. अंड्यातून निघालेलं अगदी बारीक पिल्लू उंदीर, चिचुंद्री, पक्षी अशा छोट्या प्राण्यांना चिकटतं. ते पोट भरलं की खाली पडतं, कात टाकतं, थोडं मोठं होतं. ही दुसरी अवस्था महत्त्वाची, कारण ती माकडांना चिकटते आणि माणसांनाही. खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावलेली कळतसुद्धा नाही. तिसऱ्या अवस्थेतली पूर्ण वाढलेली गोचीड मोठ्या जनावरांवर जाते, म्हणजे मुख्यतः गुरांवर.

गुरांमध्ये हा विषाणू फारसा वाढत नाही, पण गुरांच्या रक्तावर गोचिड्यांची संख्या मात्र बेसुमार वाढते. माकडाचं उलटं. त्याच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो आणि ते मरतं. माकड मेलं की शरीर थंड पडतं, आणि अंगावरच्या शेकडो गोचिड्या उतरून आजूबाजूच्या पाल्यापाचोळ्यात पसरतात, विषाणूसकट. मेलेलं माकड जिथे पडलंय तेवढा जंगलाचा तुकडा म्हणजे मग सापळाच.

आता त्यात माणूस घाला. १९५० च्या दशकात त्या भागात जंगल तोडून शेती वाढत होती, गुरं जंगलात खोलवर चरायला जात होती, माणसं सरपणाला आत जात होती. उंदीर, माकड, गोचीड, विषाणू हे सगळं बहुधा आधीपासून होतंच. नवीन होती ती आपली ये-जा.

पुढची अनेक दशकं हा आजार मुख्यतः शिमोगा आणि लगतच्या जिल्ह्यांपुरता राहिला. मग त्याने हातपाय पसरले. २०१२-१३ मध्ये तो बंदीपूर, निलगिरी, वायनाड भागात दिसला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात. तिथे लोक त्याला सरळ माकडताप म्हणतात.

कोणाला झाला, तर काजूच्या बागेत राबणाऱ्यांना. विचार करा, काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. माणसांना चावणाऱ्या त्या बारक्या गोचिड्यांचा हंगामही नेमका तोच, थंडी संपता संपता सुरू होऊन पहिल्या पावसापर्यंत. बोंडू पिकले की माकडं बागेत येणार. बी गोळा करायला बायका-माणसं वाकून, पाल्यापाचोळ्यात हात घालून काम करणार. शिवाय भाजावळीसाठी पातेरा गोळा करून डोक्यावरून आणणार. बाग जंगलाला लागून. पश्चिम घाटात अशी अख्खी डोंगरउतारं काजूखाली आली आहेत. जंगल कुठे संपलं आणि बाग कुठे सुरू झाली हे माकडाला कळत नाही, गोचिडीला तर नाहीच नाही.

ताप अचानक येतो. डोकं ठणकतं, अंग इतकं दुखतं की उठवत नाही, उलट्या होतात, काहींना रक्तस्राव होतो. काही जणांना मधे बरं वाटून पुन्हा ताप उलटतो आणि तेव्हा मेंदूवर परिणाम दिसतो. शंभर रुग्णांमागे साधारण तीन ते पाच दगावतात. विषाणू मारणारं खास औषध नाही, वेळेवर दवाखान्यात पोचून नीट उपचार मिळणं हाच आधार. आणि हंगामाच्या दिवसांत रोजंदारीवरचा माणूस दोन दिवस ताप अंगावर काढतोच. या सगळ्यात मला अस्वस्थ करते ती ही गोष्ट. आपण शहरात वाटीभर काजू खातो, त्यामागे कुणाचा तरी उघडा हात त्या पाचोळ्यात गेलेला असतो.

कोकणात राहणाऱ्या किंवा तिकडच्या जंगलात ट्रेकला जाणाऱ्या श्रोत्यांसाठी : मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, ते तिथे कीटकनाशक फवारतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पाचोळ्यावर बसू नका, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा आणि कपडेही गरम पाण्यात धुवा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना "मी जंगलात गेलो होतो" हे आपण होऊन सांगा. पुण्यातला डॉक्टर तापाच्या पेशंटला गोचिडीबद्दल का विचारेल?

कुलूप आणि शेवटचा थांबा

एक प्रश्न उरतो. माकडतापाने जगभर कोरोनासारखा हाहाकार का माजवला नाही? कारण तो माणसातून माणसात जात नाही. आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला तो होत नाही. विषाणूसाठी माणूस म्हणजे बसचा शेवटचा थांबा, तिथून पुढची गाडी नाही.

म्हणजे वाट मिळणं ही पहिली पायरी झाली. दुसरी पायरी आपल्या पेशीत शिरण्याची. पेशीच्या पृष्ठभागावर कुलपांसारखे रेणू असतात, आणि विषाणूकडे त्या कुलपाची किल्ली लागते. बर्ड फ्लूचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. पोल्ट्रीचं गाव. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, व्यवसाय झोपला. माणसांचे नमुने तपासले गेले, कुणाला लागण झालेली आढळली नाही. पक्ष्यांच्या फ्लूची किल्ली ज्या कुलपाला बसते, ती कुलपं आपल्या नाका-घशात फारशी नसतात, फुप्फुसात खोलवर असतात. त्यामुळे लागण होणं अवघड. पण झालीच तर आजार गंभीर, कारण तो थेट खोल फुप्फुसातच बसतो.

आणि तिसरी पायरी, माणसातून माणसात जाण्याची. बहुतेक विषाणू इथेच अडकतात. जो ही पायरी चढतो, त्याची साथ येते.

२००९ आठवतंय का कुणाला? तुमच्यातले बरेच जण तेव्हा बालवाडीत असतील. ३ ऑगस्ट २००९ ला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला तो पुण्यात, एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद, थिएटरं बंद, औषधाच्या दुकानांत मास्कसाठी झुंबड, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा. कोरोनाच्या अकरा वर्षं आधी पुण्याने मास्क लावून पाहिला होता.

डुकराच्या श्वासनलिकेत दोन्ही प्रकारची कुलपं असतात, पक्ष्यांच्या फ्लूला चालणारी आणि माणसांच्या फ्लूला चालणारीही. दोन वेगळे फ्लू एकाच डुकरात शिरले तर त्यांच्या जनुकांची अदलाबदल होऊ शकते. २००९ चा विषाणू अशाच सरमिसळीतून आला होता, त्याच्यात डुकरं, पक्षी आणि माणसं तिघांच्या फ्लूचे तुकडे होते. पण एकदा तो माणसातून माणसात जायला लागला, की पुण्यातल्या डुकराचा त्यात काही संबंध नव्हता. तो विमानातून आला, माणसांबरोबर. इजिप्तने तर त्या वर्षी देशातली सगळी डुकरं मारायचा हुकूम काढला, जवळपास तीन लाख. उपयोग शून्य.

गंमत म्हणजे नंतर उलटंच झालं. अनेक देशांत माणसांनी हा फ्लू डुकरांना दिला. आजारी कामगार गोठ्यात गेला, शिंकला, झालं. डुकरांमध्ये फ्लू फॉरवर्ड करण्यात आपण फार पुढे आहोत, फक्त त्याला कुणी 'ह्यूमन फ्लू' म्हणत नाही!

कोरोनातही तेच. २०२१ मध्ये हैदराबाद आणि चेन्नईजवळच्या प्राणिसंग्रहालयांतले सिंह पॉझिटिव्ह आले. सिंह काही बाजारात गेले नव्हते, विषाणू माणसांकडूनच पोचला असणार. डेन्मार्कमध्ये तर फरसाठी पाळलेल्या मिंक नावाच्या प्राण्यांना माणसांनी कोरोना दिला, त्यांच्यात तो थोडा बदलला, आणि परत माणसांत आला. ही वाट दुहेरी आहे, आणि गर्दी दोन्ही बाजूंना असते.

आपल्या लशीच्या कथेतही हे आहे. कोव्हॅक्सिन माणसांना द्यायच्या आधी एनआयव्हीने ती २० माकडांवर तपासली. लॉकडाउनच्या काळात ती माकडं शोधत पथक नागपूर भागात फिरलं होतं. एकेकाळी पुण्याच्या शास्त्रज्ञांनी माकडाचा विषाणू माणसात शोधला, आणि आता माणसाचा विषाणू माकडाला देऊन बघितला.

आता महाबळेश्वर

मार्च २०२० मध्ये एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले. २०२१ मध्ये अभ्यास छापून आला : दोन जातींच्या वटवाघळांमध्ये निपाहच्या खुणा आढळल्या. महाराष्ट्रात हे पहिल्यांदाच दिसलं होतं. तो फॉरवर्ड इथून सुरू झाला.

आता आपल्या तीन पायऱ्या लावून बघू. वटवाघळात विषाणू आहे, हे तर पहिल्या पायरीच्याही आधीचं झालं. वाट कुठे आहे? मलेशियात १९९८-९९ मध्ये ती वाट अशी झाली : डुकरांच्या गोठ्यांवर फळझाडं, झाडावर वटवाघळं, त्यांनी अर्धवट खाल्लेली फळं खाली पडली, ती डुकरांनी खाल्ली, डुकरांकडून माणसांना. शंभरावर माणसं गेली, दहा लाख डुकरं मारली. बांगलादेशात वाट गोड होती. तिथे खजुरीच्या झाडाला रात्री मडकं लावून रस काढतात. वटवाघळं येऊन त्याच धारेला तोंड लावतात, आणि सकाळी लोक तो कच्चा रस पितात. त्यावर उपायही साधा निघाला, मडक्याभोवती बांबूची जाळी बांधायची. २०१८ मध्ये केरळच्या कोझिकोडला निपाह आला, पुण्याच्या प्रयोगशाळेनेच निदान पक्कं केलं. त्यात १७ जण गेले, आणि बहुतेकांना लागण झाली ती दवाखान्यात, आधीच्या रुग्णाकडून. म्हणजे निपाह तिसऱ्या पायरीवर एक पाय टेकवू शकतो, म्हणून त्याच्यावर इतकी नजर ठेवतात.

महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी धुऊन खाणाऱ्याला यातली कुठलीच वाट लागत नाही. वटवाघळांच्या गुहेत घुसू नका, पक्ष्या-प्राण्यांनी कुरतडलेलं फळ खाऊ नका, जमिनीवर पडलेलं वटवाघूळ हाताने उचलू नका. बस. आणि कुणी "मारून टाका वटवाघळं" म्हणालं तर त्याला थांबवा. हाकलली की ती विखुरतात, नवीन जागी जातात, म्हणजे तुम्ही स्वतःच नवीन वाटा पाडता. शिवाय परागीभवन आणि बीजप्रसार ती फुकटात करतात ते वेगळंच.

तुम्हाला खरंच भेटणारा व्हायरस

वटवाघळाबद्दल व्हॉइस मेसेज पाठवणाऱ्या मुलालाच मी विचारलं, "तुला कधी कुत्रा चावलाय?" म्हणाला, "हो, मागच्या वर्षी, थोडंसंच. हळद लावली होती."

मंडळी, निपाह पुण्यात कुणी पाहिलेला नाही. रेबीज मात्र आपल्या गल्लीत असू शकतो. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांकडून येतो, आणि लक्षणं दिसायला लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. इतका जीवघेणा दुसरा विषाणू आपल्या आसपास नाही.

पण हाच विषाणू तुम्हाला वेळही देतो. तो रक्तातून धावत नाही, जखमेपासून नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. त्या वेळात लस घेतली तर शरीर त्याच्या आधी तयार होतं. चेहऱ्यावर किंवा हातावर चावा असेल तर अंतर कमी, म्हणून घाई जास्त. आणि या विषाणूला बाहेरून स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, जे साध्या साबणाने फाटतं. म्हणून जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे तीन-चार गाणी होतात, घाई करू नका. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही.

मग दवाखाना. महापालिकेच्या आणि सरकारी दवाखान्यांत लस मोफत मिळते. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या. पोटात चौदा इंजेक्शनं हा आजीच्या काळातला प्रकार आता इतिहासजमा झालाय. कुत्रा ओळखीचा आहे, दहा दिवस वाट बघू, असं करू नका. कुत्र्यावर लक्ष जरूर ठेवा, पण लस त्याआधी सुरू करा.

आणि वाट कुत्र्यांच्या बाजूनेही तोडता येते. गोव्याने ते केलं. सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून गावोगाव कुत्र्यांना लस दिली. कुठल्या वाडीतले किती कुत्रे झाले, किती राहिले, हे कार्यकर्ते मोबाइल ॲपवर नोंदवत फिरायचे. दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूला पुढचा कुत्रा मिळेनासा होतो. माणसांचे मृत्यू शून्यावर आले, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. कुत्र्यांवरून सोसायटीच्या ग्रुपवर भांडणारे दोन्ही पक्ष या कामात एकत्र येऊ शकतात असं मला वाटतं, पण तो वेगळा भाग होईल.

त्या मुलाला चावून वर्ष होत आलं होतं. रेबीजसाठी "आता उशीर झाला, जाऊ दे" असं नसतं, तरीही दाखवायचंच. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात जायला लावलं. डॉक्टरांनी लस सुरू केली. सरकारी दवाखान्यात ती बहुतेकदा कातडीत देतात, आणि दिवस असतात शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. पहिला डोस म्हणजे शून्यावा दिवस. बरेच जण तिसऱ्यानंतर गायब होतात, कारण अठ्ठाविसावा दिवस येईपर्यंत जखमेचा व्रणसुद्धा गेलेला असतो. तेव्हा पहिला डोस घेऊन बाहेर पडलात की तिथेच उभं राहून फोनमध्ये उरलेल्या तीन तारखांचे रिमाइंडर लावून टाका.